निवडणीची शेड रिकामी झाली तेव्हा

“बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा,” शेठ म्हणाले. “माल उठंना गेलाय. निवडणीच्या पाचही बाया कमी केल्या की भागतंय.”

मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये क्वालिटी सुपरवायझर आहे. मशीनमधून आलेल्या तूरडाळीतले खडे, काळे दाणे हातानं वेचावे लागतात. ती निवडणी बायांकडे. पोती उचलणं, गाडी भरणं हमालांकडे.

“सगळ्यांनाच पाळीपाळीनं बोलवू या का?” मी विचारलं.

“गड्याला घर चालवायचं असतं, मॅडम. बाईचा रोज म्हणजे वरखर्च. सुमनचा नवरा दत्तू आपलाच हमाल हाय. त्याला ठेवलंय की.”

ठेवलं होतं खरं. पण हमाली पोत्यावर मिळते. गाडीच आली नाही तर कामावर असून हात रिकामे. घर सुमनच्या रोजावर चाललं होतं. हे मी सांगत होते, तेवढ्यात शेठनी फोन कानाला लावला.

निरोप मलाच द्यावा लागला. सुमननं पदराला हात पुसले.

“तुमचं काम राहिलं न्हवं, मॅडम? मंग झालं.”

थोड्याच दिवसांत ती एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. तिथला रोज इथल्यापेक्षा कमी. दत्तू मात्र रोज सकाळी येऊन वजनकाट्याजवळ बसायचा.

“आज गाडी नाही, दत्तूभाऊ. घरी जा.”

“जाऊन काय करू? बायको कामाला अन् मी खाटंवर. सारी गल्ली बघायलीय.”

बाया गेल्यापासून मी डबा ऑफिसात एकटीच खायचे. बोलायला कुणी नव्हतं.

एक दिवस बायांच्या बाथरूमला कुलूप दिसलं. आत रिकाम्या पोत्यांचा बारदाना भरलेला.

“आता बाया कुठं हायत?” मुनीम म्हणाले.

मी त्यांच्या समोरच उभी होते. भांडून बारदाना हलवायला लावला.

सणाच्या तोंडावर मागणी वाढली. दत्तूच्या पाठीवर पुन्हा पोती आली. शेठनी सुमनला बोलवायला सांगितलं. मी फोन केला.

“न्हाई येत, मॅडम. परत माल अडकला की पहिलं मलाच काढतेल. हितं कमी हाय, पण मिळायलंय.”

बाकीच्याही आल्या नाहीत. शेठनी दाणे वेचणारं कॅमेऱ्याचं मशीन घेतलं आणि ते चालवायला दोन गडी ठेवले. मंदी संपली, असं मिलमध्ये सगळे म्हणतात.

माझं एवढंच म्हणणं आहे. कपात करताना घर कोण चालवतंय ते अंदाजानं ठरवू नये. विचारावं. पाचही जणींची घरं मला माहीत होती. एकीचं मी सांगू पाहिलं. बाकी चौघींचं कुणी विचारलंच नाही.