म्हशीला सांगितलेल्या गोष्टी

कुंडलच्या वरच्या आळीतल्या मनुबाईला घरात काही सांगायचं असलं की ती आधी गोठ्यात जायची. लोक तिला हसायचे. शेजारची रंगूबाई तर पाणवठ्यावर सांगायची, "आमच्या गावाला दोन सरपंच हायती. एक पंचायतीत बसतोय, दुसरी मनूच्या गोठ्यात रवंथ करती." पण मनुबाईनं सवय सोडली नाही. ती सवय तिला लागली कशी, हे ऐकलं तर हसणाऱ्यांतले निम्मे तरी गप्प बसतील.

त्या घरात बोलण्याचाच दुष्काळ होता. सासरे हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना हुकूम तेवढा ठाऊक. "च्या." "पाणी." "कंदील." हुकूम कुणाला, हे ते कधी सांगायचे नाहीत, आढ्याकडं बघून सोडायचे आणि ज्याला लागू होईल त्यानं पळायचं. नवरा लालासाहेब, तोही फौजेत, दूर पठाणकोटकडं. त्याचा सगळा भर पत्रावर. पत्र यायचं ते वडिलांच्या नावानं: इकडील सर्व ठीक, तिकडील कळवावे, सर्वांना नमस्कार. त्या 'सर्वांना'मध्ये कुठंतरी कोपऱ्यात मनुबाई बसलेली असायची. रजेवर आला तरी गडी तोंड उघडायचा नाही. "बोला की जरा," म्हटलं तर म्हणायचा, "पत्रात लिवलं हुतं की समदं."

त्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. सासू बनुबाई होती तोवर अडलं नाही. सुनेचं बोलणं सासूकडं, सासूचं सासऱ्याकडं, असा निरोप फिरायचा. बनुबाई त्यात पदरचं तिखटमीठ घालायची हे खरं, पण निरोप पोचायचा. ती वारली आणि मधला दुवाच तुटला. मनुबाईची लेक शालन शाळेत गेली की दिवसभर घरात दोन माणसं आणि एक म्हैस, आणि तिघांत आवाज काढणारी ती फक्त म्हैस.

एकदा घरातलं मीठ संपलं. सासऱ्याला सांगणार कोण? दोन दिवस मनुबाईनं शेजारून उसनं आणलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धार काढता काढता ती वैतागून म्हशीलाच म्हणाली, "चांदे, मीठ सपलंय बाई. उंद्या बाजार हाय. कुणी आणलं तर बरं, न्हाईतर अळणी खावा समद्यांनी."

गोठा सोप्याला लागून, मधे कमरेएवढी भिंत. सोप्यात हंबीरराव अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. अडकित्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशवीत मीठ होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण मनुबाईच्या डोक्यात उजेड पडला.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण सासवांनी सुनांसाठी राखून ठेवलेली. मनुबाईनं ती उलटी फिरवली आणि थेट सासऱ्याला लावली. छपराची कौलं फुटली, चांदीला सांगितलं. शालनला नवी चप्पल पाहिजे, चांदीला सांगितलं. मामंजींचा खोकला वाढलाय आणि वैद्याकडं जायला हवं, हेही चांदीलाच सांगितलं, आणि हंबीरराव सकाळी मुकाट्यानं जाऊन काढा घेऊन आले. पुढंपुढं तर म्हाताराही गोठ्याकडं तोंड करून बोलायला लागला. "चांदे, कालची आमटी लय तिखाट झाली हुती," असं तो म्हणायचा, आणि त्या दिवशी आमटीत तिखट बेतानं पडायचं. चांदी दोघांचंही सारख्याच तोंडानं ऐकायची.

रंगूबाईनं एकदा विचारलंच, "आगं, सरळ बोलायचं सोडून ह्यो कसला द्राविडी प्राणायाम?"

"तुला न्हाई कळायचं," मनुबाई म्हणाली. "पत्र लिवावं तर मला लिवाय येत न्हाई. कुणाच्या तोंडी निरोप धाडावा तर निम्मा वाटंतच सांडतोय. आन् तोंडावर सांगावं तर माणसाला राग येतोय. म्हशीला सांगिटलं की ऐकणाराला राग यायला जागाच ऱ्हात न्हाई. त्याला वाटतंय, आपल्याच डोस्क्यातनं आलंय."

तिला आपल्या या युक्तीचा मोठा अभिमान होता. आणि तो खोटा नव्हता. पण शहात्तर सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी ही युक्ती पणाला लागली.

शालन दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. हेडमास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले, पोरीला सांगलीला मास्तरणीच्या शिक्षणाला घाला, दोन वर्षांत नोकरी लागेल. झेंडावंदनाला सगळ्या शाळेपुढं खणखणीत भाषण करणारी ही पोर आजोबांपुढं उभी राहिली की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. रात्री ती आईच्या कुशीत शिरून एवढंच म्हणाली, "आये, मला जायचंय." मनुबाई स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. लेकीनं जायचंच, हे तिनं त्याच क्षणी मनाशी बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून चांदीच्या कानाला विसावा नव्हता. "चांदे, मास्तरीण झाल्यावर पोरगी सवताच्या पायावर हुबी ऱ्हाईल." "चांदे, सांगलीत पोरींचं वसतिग्रह हाय म्हणं, बाई असती देखरेखीला." सोप्यातून उत्तर यायचं, "चांदे, पोरीची जात. शिकून शेवटी चूलच फुकायची." रोज संध्याकाळी असं चालायचं. मनुबाई धीर सोडत नव्हती. मीठ आणायला एक दिवस लागला होता, याला महिना लागेल, असं तिनं धरलं होतं.

पण हंबीररावांनी महिना दिला नाही. वडूजकडून तात्याबा नावाचे एक पाहुणे आपल्या पुतण्याचं स्थळ घेऊन आले, सोप्यात बसून बोलणी झाली आणि येत्या गुरुवारी सुपारी फोडायची ठरली. मनुबाईला हे कळलं ते गड्याकडून, जोतीरामकडून. ती तशीच बादली घेऊन गोठ्यात गेली.

गोठा रिकामा होता. खुंट्याला दावं नव्हतं, गव्हाण झाडून ठेवलेली.

"मालकांनी चांदीला मळ्यात बांधाय सांगिटलं," जोतीराम खाली बघत म्हणाला. "पाव्हणं येणार, दारात श्याण नगं म्हणं."

मनुबाई रिकाम्या खुंट्याकडं बघत राहिली. शेण आजवर कुणाला आडवं आलं नव्हतं. म्हाताऱ्यानं एक घाव दोन तुकडे केले होते. सुनेची म्हैस हलवली म्हणजे सुनेचं तोंड आपोआप बंद. फौजेत तो काय शिकला होता, ते तिला त्या संध्याकाळी समजलं. तिला संताप आला, आणि संतापाखाली भीतीही होती, कारण आता तिच्याकडं बोलायला जागा उरली नव्हती.

गुरुवारी पाहुणे आले. सोप्यावर घोंगडी पसरली, तात्याबांनी पानाचा डबा उघडला, तबकात सुपारी ठेवली. आतल्या खोलीत शालन भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तात्याबांनी सुपारी उचलली तसा मनुबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती उंबरा ओलांडून सोप्यात आली. त्या घरातली बाई पुरुषांच्या बैठकीत अशी कधी आली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांना मारलेली ही पहिली हाक. हंबीररावांची मान सवयीनं गोठ्याकडं वळली. तिथं रिकामा खुंटा होता.

"तकडं नगा बगू. म्हस तुमीच मळ्यात धाडली, म्हणून तुमास्नीच सांगती. शालनला सांगलीला धाडायची हाय. ही सुपारी फोडू नगासा."

तात्याबा हसले. "सुभेदार, तुमच्यात बाईमाणसं बैठकीत बोलत्यात व्हय?"

"न्हाई बोलत," मनुबाईच म्हणाली. "सासूबाई गेल्यापासनं ह्या घरात माणूस माणसाशी बोललं न्हाई. धनी पत्रात बोलत्यात, तुमी आढ्याशी बोलताय, मी म्हशीशी बोलती. माजा जलम गेला त्यात. माज्या पोरीचा जायाचा न्हाई. वर्गभर पोरांम्होरं ताठ हुबं ऱ्हाऊन बोलणारी व्हायची हाय ती. दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन तिनं म्हशीच्या कानाला लागायचं न्हाई."

हंबीरराव सुनेकडं बघत होते. तिचा चेहरा त्यांनी असा नीट कधी पाहिलाच नव्हता. पलटणीत त्यांना एकाच प्रकारचा शिपाई आवडायचा. मागून कुरकुरणारा नाही, समोर येऊन छाती काढून सांगणारा. तसा शिपाई आपल्याच घरात इतकी वर्षं चुलीपुढं बसला होता, हे बहुतेक त्यांना तेव्हा उमगलं.

त्यांनी तबक तात्याबांपुढं सरकवलं. "पाव्हणं, सुपारी खिशात ठेवा."

"आवं, एका बाईच्या सांगण्यावरनं?"

"सून हाय माजी," हंबीरराव म्हणाले. "मला तोंडावर सांगिटलंय तिनं. च्या घ्या आन् निघा." मग त्यांनी आढ्याकडं बघितलं नाही. सरळ मनुबाईकडं बघून म्हणाले, "पोरी, च्या टाक. आन् जोत्याला म्हणावं, म्हस आण घरी."

आतून शालनचा हुंदका सगळ्यांना ऐकू आला. मनुबाई चुलीपुढं जाऊन बसली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

जूनमध्ये हंबीरराव स्वतः नातीला घेऊन एस.टी.नं सांगलीला गेले. फौजेतली लोखंडी ट्रंक तिच्यासाठी नव्यानं रंगवून घेतली होती, आणि वसतिगृहाच्या दारात भेटेल त्याला ते सांगत होते, "माजी नात. मास्तरीण व्हणार हाय."

त्यानंतर घर काही एकाएकी बडबडं झालं नाही. लालासाहेबाची पत्रं तशीच यायची. फक्त खाली एक ओळ वाढली, 'मनूस आशीर्वाद'. मनुबाई मोठ्या गोष्टी सासऱ्यांना सरळ सांगायला लागली. बारीकसारीक मात्र अजून चांदीकडंच जायचं. तिला तेच आवडायचं, आणि आवडीला कारण लागत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली शालनला नोकरी लागली, माण तालुक्यातल्या एका शाळेत. ती घरी आजोबांपुढं पिशवी टाकून तशीच मळ्यात पळत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मनुबाईनं खुरपं तिथंच टाकलं. लेकीला मागं ठेवून ती बांधावरून धावत घरी आली, रंगूबाईच्या दारावरून न थांबता गेली, आणि सवयीनं थेट गोठ्यात शिरली.

गोठ्यात चांदीपाशी हंबीरराव बसले होते. म्हातारा तिला हातानं ओला चारा भरवत होता, आणि त्याचे डोळे ओले होते.

"चांदे," मनुबाईनं तोंड उघडलं.

"तिला मी मगाशीच सांगिटलंय," हंबीरराव म्हणाले. त्यांनी बाजूचं पोतं झटकून तिला बसायला सरकवलं. "आता तू मला सांग. मला कायबी ठावं न्हाई आसं समजून, पैल्यापासनं सांग."