शेवटच्या कडव्यातलं नाव

तलवाड्याला मेव्हण्याच्या खळ्यावर ज्वारी उपणत होतो, तेव्हा बांधावरूनच कुणीतरी ओरडलं, "किसनराव, मैराळ शाहीर गेले!" मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच सांगतो, मला तेवढंच सुचलं. फडाचा माणूस, गेला असेल कुठल्या जत्रेला! सांगणाऱ्यानं मान खाली घातली तेव्हा उजेड पडला. सकाळी भाकरी खाल्ली, पाणी मागितलं, आणि त्याची बायको, गोदावहिनी, तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ना ताप, ना खोकला... अहो, नुकताच परळीच्या शिवरात्रीला भर उन्हात उभा राहून बोलला होता हा माणूस! असं कुणी जातं का? इतके दिवस झाले, मला अजून पटत नाही.

मी त्याच्या फडातला झीलकरी. म्हणजे तो पुढं उभा राहून गाणार आणि मी मागं तुणतुणं धरून ओळीचं टोक उचलणार. बाकीचे शाहीर जत्रेत नुसते गातात. हा आधी बोलायचा. गाणं कसं बांधायचं, शब्द आधी की चाल आधी, गळ्यावर संसार कसा रेटायचा, कुठल्या गावची सुपारी घेऊ नये... सगळं उघड्यावर! "चाल आधी धरा," म्हणायचा, "मोट हाकताना जी गुणगुणता येत न्हाई, ती चालच न्हाई." निजामाच्या मुलखात सभेत बोलायचं तर परवानगी काढा, गाण्याला कुणी विचारत नाही. म्हणून हा बोलताना डफ कधी खाली ठेवायचा नाही. कपिलधारला एकदा पोलिसाचा जवान गर्दीत घुसला. "क्या चल रा? तकरीर क्या?" म्हणजे भाषण चाललंय का. मैराळनं डफावर थाप हाणली. "नै साब, गाना! अभी शुरू हुआ!" आणि पुढचं सगळं बोलणं त्यानं थापा मारत मारत केलं. लोक हसून लोळले, जवानही हसला आणि शेवटपर्यंत बसून राहिला.

पण धंद्यातली माणसं हसत नव्हती. आमच्यात एका फडाचं गाणं दुसऱ्याला द्यायचं नाही. त्यातून शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्याचं नाव असतं, आणि दुसऱ्या शाहिराचं नाव आपल्या तोंडानं घेणं म्हणजे नाक कापून घेणं. गेवराईकडचा दगडू शाहीर तर भर जत्रेत अंगावर आला. "कावून सांगतो बे समद्यांला? आमच्या पोटावर पाय देतो का?" मैराळ शांतपणे म्हणाला, "दगडू, माझी गाणी तू गातोस, म्या ऐकलंय. लई ग्वाड गातोस. पर माझं नाव यायला नको म्हणून शेवटचं कडवं खाऊन टाकतोस. अरं, सांगायचं ते तिथंच हाय की!" दगडू निघून गेला.

ही गोष्ट मैराळच्या मनातून गेली नसावी. परळीला बोलता बोलता त्यानं जाहीरच केलं, "आजपास्नं माझ्या गाण्यांत माझं नाव न्हाई. जो गाईल त्यानं आपलं घालावं. पर गाणं पुरं गावं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ना मूल ना बाळ, ना जमिनीचा तुकडा. माणूस होऊन गेला याची खूण काय ती त्या कडव्यांत. मी तिथंच म्हटलं, "डोस्कं फिरलं का बे तुझं? मेल्यावर काय उरंल तुझं?" तो म्हणाला, "गाणं उरंल की." आणि पान लावायला बसला. हेच आमचं शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणं आसपासचे फड त्याच्या दारात जमले. एकेक शाहीर उठला, मैराळचं गाणं पुरं गायला आणि शेवटी स्वतःचं नाव घालून बसला. तो सांगून गेला होता तसंच. कुणाचं काही चुकलं नाही. पण त्याचंच दार, त्याचीच गाणी, आणि त्याचं नाव एकदाही नाही! गोदावहिनी उंबऱ्याआड बसल्या होत्या. दर शेवटच्या कडव्याला मान वर करायच्या, आणि नाव आलं की खाली घालायच्या. मग कुणीतरी डफ माझ्याकडं सरकवला. गायलो. शेवटचं कडवं आलं. त्याचं नाव घ्यावं तर त्याचा शब्द मोडतो, माझं घालावं तर जीभ उचलत नाही... नावाच्या जागी मी नुसती थाप मारली आणि गप्प उभा राहिलो. तेवढ्यात मागून दगडू शाहीर उठला आणि खड्या आवाजात, चालीत, म्हणाला, "मैराळ!" दुसऱ्या फडाचं नाव, सगळ्या फडांच्या देखत, आपल्या तोंडानं! वहिनींनी पदर तोंडात कोंबला. पुढची ओळ बाकीच्यांनीच ओढली.

आता मी ते गाणं जाईन तिथं गातो. त्या जागी आलो की थाप मारतो आणि थांबतो. आजवर गर्दीतून कुणी ना कुणी नाव घेतलंय. पण एखाद्या गावात कुणालाच ठाऊक नसलं, थाप मारली आणि समोर सगळे नुसते बघतच राहिले... तर मी काय करू, ते मला अजून सुचलेलं नाही.