खळीच्या धोतरातला पाहुणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं माझी कीव येईल तुम्हाला! मी तेव्हा बेळगावात शाळेत शास्त्र शिकवायचो. लग्नाची चार स्थळं आली, चारही मोडली. का? तर मुलगी बघायला गेलो की मी शास्त्र सांगायला लागायचो!

पाचवं स्थळ निपाणीचं. थोरल्या बहिणीनं, आमच्या आक्कानं, भाताच्या पेजेची खळ देऊन धोतर कडक केलं आणि दम भरला, "तिथं शास्त्राचा शब्द काढलास तर बघ! हे स्थळ गेलं तर बस तसाच बिनलग्नाचा!"

धोतर इतकं कडक, की मी बसलो तरी ते उभंच! आक्काबरोबर मोटारीतून उतरताना त्यातच पाय अडकला आणि नडगी सोलली.

मुलीचे वडील, आप्पा, तंबाखूचे व्यापारी. माणूस मायाळू. त्यांनी स्वतःच्या हातानं टिंक्चर आयोडीन लावलं. चार थेंब धोतराच्या सोग्यावर सांडले आणि ते तपकिरी औषध क्षणात शाईसारखं निळं!

"अगं बया!" मुलीची आई किंचाळली. "पाव्हण्याच्या अंगात इख हाय काय?"

"वाटंत पान लागलं काय हो?" साप चावला असं वाटून आप्पा घाबरले.

मुलगी, सुमन, पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थबकलेली. आता तुम्हीच सांगा, मी गप्प कसा बसू? आक्कानं चिमटा काढला, पण आनंदाच्या भरात मला तो लागलाच नाही!

"विष नाही, खळ आहे ती!" मी उठून उभा राहिलो. नुकतंच एका विलायती मासिकात वाचलं होतं ना! "खळीचा रेणू आपला आपण गुंडाळतो आणि आत पोकळ नळी तयार होते. त्या नळीत आयोडीन पाहुण्यासारखं जाऊन बसतं, म्हणून निळा रंग! कढत पाणी आणा, पाहुणा लगेच बाहेर!"

आणलं की हो! मी धोतराचा सोगा पातेल्यात बुडवला. डाग गायब!

"लई भारी, मास्तर!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. आक्कासुद्धा हसली. मी फुगलो, दोन बशा पोहे हाणले आणि आणखी तासभर शास्त्र सांगितलं.

तेवढ्यात सुमन हळूच म्हणाली, "मास्तर, तुमचा पाव्हणा परत आला की!"

खाली बघतो तर काय! सोगा गार झालेला, आणि चार थेंबांच्या जागी अख्खा सोगा निळा! पातेल्यातलं पाणीही निळं! गार झालं की रंग परततो, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेत होतो हो!

परतीच्या वाटेवर आक्का मोटारीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. स्थळ गेलंच, असं मी धरून चाललो.

आठ दिवसांनी आप्पांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "सुमन होय म्हणते. तिचं म्हणणं, मास्तर चांगले आहेत, पण धडा अर्धाच शिकवतात. उरलेला ती शिकवील."