कार्डाला दोन टक्के

शेवगावच्या भांड्यांच्या दुकानात मी नेहमी जाते. दुकानदार मालाचं कौतुक खणखणीत आवाजात करतो, पण गिऱ्हाइकानं कार्ड काढलं की कुणाच्या आजारपणाची बातमी द्यावी तसं हळूच म्हणतो, "कार्डाला दोन टक्के जास्ती."

परवा ऊसतोडीला निघालेल्या एका बाईनं पातेलं घेतलं. एटीएम बंद होतं, जवळ फक्त कार्ड. मी त्याला सुनावलं, "असे जादा पैसे घेता येत नाहीत."

"बरं," म्हणत त्यानं मशीन ड्रॉवरमध्ये सारलं. "मग रोख द्या."

बाई माझ्यावरच उखडली. "तुमी कशाला मधी पडता? टेम्पो निघून जाईल माझा."

ड्रॉवरवर हात ठेवून त्यानं शांतपणे मला विचारलं, "काढू का मशीन, ताई?"

मला हो म्हणावं लागलं.