कमानीखालची खाट

अनय, इरा,

आजोबा गेल्याचं कळवलं तेव्हा इराने फोनवर विचारलं होतं, "त्यांना एसी खोली होती ना?" तेव्हा मी विषय बदलला. आज तुमची आजी लिहिते आहे... खोली मिळत होती, त्यांनीच ती घेतली नाही.

नगरचं माजी सैनिकांचं ते जुनं हॉस्पिटल तुम्ही बाहेरून पाहिलं आहे. काळा दगड, टोकदार कमानी, छज्ज्याला खालून आधार देणारे कोरीव दगड. महायुद्धाहून परतलेल्या शिपायांसाठी कुणा इंग्रज इंजिनिअरने ते इथल्या जुन्या मकबऱ्यांच्या धाटणीवर बांधलं. फौजेत पूल बांधलेल्या तुमच्या आजोबांना ते सोंग वाटायचं. "गोऱ्याने निजामशाही अंगरखा चढवलाय," म्हणायचे. पण शेवटच्या आजारात स्ट्रेचर तिथल्या व्हरांड्यातून चाललं, तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं. प्रत्येक कमानीखाली एक खाट होती, आणि कमानीचा कठडा बरोबर खाटेच्या उंचीचा. पडल्यापडल्या बाहेरचं चिंचेचं झाड दिसत होतं. "बांधणाऱ्याने आधी आडवं पडून पाहिलंय," ते हळूच म्हणाले. त्यांना तिथेच राहायचं होतं, आणि एकही कमान रिकामी नव्हती.

शेवटच्या कमानीखालचे हवालदार राजूरचे, एक पाय गुडघ्यापासून नसलेले. ते ऐकत होते.

"सायेब, इकडं या तुमी."

"ती तुमची जागा आहे, हवालदार."

"कमान सरकारची हाय. माझी नुसती खाट. अन् ते झाड लई बघितलं, पळून न्हाई जात."

आजोबा हसले. हवालदारांची खाट आत भिंतीशी गेली. मी रोज दुपारी डबा घेऊन जायचे. आजोबांची उशी दुमडलेली असायची. मान अवघडेल म्हणून मी ती सरळ करायचे, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुमडलेली. तिथेच एका दुपारी ते गेले... तोंड बाहेरच्या बाजूला होतं.

परवा मी उरलेली औषधं द्यायला गेले. कमान मोकळी, हवालदार अजून भिंतीशीच.

"असं का?"

"म्हन्लं, म्याडम एकदा येऊन जाऊ द्या."

मी कठड्याच्या गार दगडावर जरा वेळ बसले. मग उठून त्यांच्या खाटेचा दांडा धरला.

"आवो, तुमी कशाला..."

"गप पडून राहा."

वॉर्डबॉयने दुसरी बाजू धरली. खाट कठड्याला लागली.

"दिसतंय का झाड?"

"झाड दिसतंय. पन सायेब उशी दुमडून घ्यायचे. मंग फाटकापासनं वाट दिसती... तुमी डबा घिऊन येत हुता ती."

मी त्यांची उशी दुमडून दिली.