एका खुर्चीचे चार वारस

मुलांनो, सरकार पडतं म्हणजे काय होतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. शाळेत मी मुलींना परदेशातल्या क्रांत्या शिकवत असे. प्रत्यक्ष पाहिली ती चौऱ्याहत्तर साली, बडोद्याच्या रावपुऱ्यात, आणि ती आमच्या घरातूनच गेली.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या वडिलांचा एकटाच जगलेला मुलगा. बाकीची भावंडं देवीनं आणि तापानं गेली. वडिलांच्या मागे बडोदे संस्थानच्या कचेरीतली त्यांची खुर्ची यांना मिळाली. संस्थान गेलं तरी कचेरी राहिली, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्यांचे स्वतःचे चारही मुलगे जगले. लस होती, नळाचं पाणी होतं. घरोघरी असंच झालं आणि सगळ्यांना त्याचा आनंद होता. ही सगळी मुलं पुढे बसणार कुठे, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

थोरले तिघे कुठे ना कुठे लागले. धाकटे भाऊजी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. तेल, धान्य, सगळंच महाग झालेलं. जेवताना ते दुसरी पोळी मागत नसत.

अखेर त्याच कचेरीतून त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी मामंजींनी काळा कोट घातला, पगडी चढवली. मुलाला स्वतः नेऊन साहेबांसमोर उभं करायची संस्थानातली रीत.

"बाबा, आता असं कोणी करत नाही," भाऊजी म्हणाले.

"साहेब बदलतात. कचेरी तीच आहे. चला."

शाळा त्याच वाटेवर, म्हणून मीही निघाले. कोपऱ्यावर वळलो आणि माझे पायच थांबले. कचेरीच्या फाटकापासून रस्त्याच्या टोकापर्यंत मुलंच मुलं, प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेटांची फाइल. जागा दोन होत्या. मामंजी रांगेकडे न बघता फाटकाकडे चालू लागले.

"काका, लाइनमां आवो ने!"

"पगडी तो जुओ! वरघोडो काढ्यो छे के?" वरातीवरून टोमणा होता. सगळे हसले.

म्हाताऱ्या शिपायानं मामंजींना ओळखलं, नमस्कार केला आणि फाटक किलकिलं केलं. हसू तिथेच थांबलं.

"लागवग! लागवग चाले छे!" वशिला चालतो, म्हणून ओरडा सुरू झाला.

मामंजी आत गेले, वळून म्हणाले, "ये, लवकर ये." भाऊजी फाटकाबाहेरच उभे राहिले. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. ते खाली वाकले. मला वाटलं, चप्पल सुटली असेल. त्यांनी दगड उचलला आणि ज्या खिडकीशी त्यांचे वडील आयुष्यभर बसले, तीच फोडली.

पुढे दगडांचा पाऊस पडला, पोलीस आले, मुलाखती रद्द झाल्या. मामंजी पगडी हातात घेऊन घरी आले. काचा फुटण्याचं लोण गुजरातभर गावोगाव पसरलं, संचारबंदी लागली, आणि काही आठवड्यांत रेडिओनं सांगितलं, मंत्रिमंडळ गेलं.

त्या संध्याकाळी मुलं रस्त्यात पेढे वाटत होती. भाऊजींनी एक वडिलांसाठी आणला. दगड मारला त्या दिवसापासून दोघे बोलत नव्हते.

मामंजींनी पेढ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. खरोखरच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग आता तुझी मुलाखत कोण घेणार?"