सेलिन बेसूर नव्हती

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. ज्या मित्रासोबत कळंबच्या किनाऱ्यावर बसून बाकी सगळ्या लाजिरवाण्या गोष्टी ओकल्या, त्याच्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण आता हे आत ठेवणं जमत नाही.

विरार पूर्वेला, चंदनसारला, आमच्या फ्लॅटच्या एका खोलीत मी गाणी रेकॉर्ड करतो. हळदीची गाणी, भक्तिगीतं, कोणा तरी नगरसेवकाचं प्रचारगीत. सेलिन तिथेच आली. पाचूबंदरची. आई मासळी विकायची, ही चर्चच्या गायनमंडळात गायची. कशी गायची — कसं सांगू? ती माइकसमोर उभी राहिली की मी हेडफोन एका कानावरून सरकवायचो. यंत्रातून नाही, खोलीतून ऐकावंसं वाटायचं.

मग तिच्या आवाजावर ते प्लगिन का लावलं मी?

प्लगिन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायची छोटी यंत्रं. एक घुमारा देतं, एक आवाज जाड करतं, आणि एक — सूर सरळ करतं. गाणं कुठल्या पट्टीतलं ते त्याला सांगायचं, मग सरकलेला सूर ते जागेवर ओढतं. सेलिनला त्याची गरज जवळजवळ नव्हती. मी सगळ्यांना लावतो म्हणून तिलाही लावलं, हलकंसं. विचारलं नाही. माझी प्रत चोरीची होती, जुनी, विंडोजवर चालणारी.

अंधेरीच्या एका संगीतकारांना तिच्या गाण्याचा फोनवर ऐकवलेला तुकडा आवडला. त्यांना आम्ही नुसते सर म्हणायचो. त्यांच्या मालिकेत हेच गाणं घ्यायचं, आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे द्यायचं, असं बोलणं चाललं होतं. माझ्या खोलीत तेव्हा महिनोन्महिने कोणी फिरकत नव्हतं. बायको काही बोलायची नाही, पण त्या खोलीत मुलांचा पलंग कसा बसेल हे ती डोळ्यांनी मोजत असायची. हे काम गेलं असतं तर मी संपलो असतो — असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

सर म्हणाले, सगळे ट्रॅक सुटे घेऊन ये, माझ्या मशीनवर ऐकू. त्यांचं मशीन मॅक. मी छातीठोकपणे म्हणालो, कुठेही उघडेल. त्यांच्याकडेही तेच प्लगिन आहे, हे त्यांच्या स्टुडिओतल्या पोराला विचारून घेतलं होतं. खरं तर प्लगिनवर न सोडता, सूर सरळ झालेला आवाजच फाइलमध्ये पक्का करून न्यायला हवा होता. ते मला कळत होतं. नाही केलं.

सरांच्या स्टुडिओत मी मशीनसमोर, सेलिन माझ्यामागे सोफ्यावर बसली होती. नवा ड्रेस घालून आली होती. सर डोळे मिटून खुर्चीत. सुरुवातीची बासरी वाजत होती तेव्हा त्यांनी विचारलं, आवाज कच्चाच आहे ना? ट्यून केलेले गायक त्यांना चालत नसत. मी म्हणालो, हो, कच्चाच.

आणि तिचा आवाज आला.

मला लगेच कळलं. प्लगिन उघडलं होतं, पण कोरं. त्यांच्या मशीनवरच्या नव्या प्रतीला माझ्या चोरीच्या प्रतीची सेटिंग वाचताच आली नव्हती. गाणं काळी दोन पट्टीतलं, आणि ते धरून बसलं होतं पांढरी एक — पूर्ण जोर लावून. तिचा एकेक सूर पकडून भलतीकडे नेत होतं. एक बटण होतं माझ्या बोटाखाली. दाबलं असतं की प्लगिन बंद, आणि खरी सेलिन त्या खोलीत उभी राहिली असती. पण मग कच्चा म्हणालो त्याचं काय? चोरीच्या प्रतीचं काय? माझं काय?

सरांनी डोळे उघडले. "ही पोरगी बेसूर आहे. तुला ऐकू आलं नाही?"

"थोडी सरकतेच ती, सर," मी म्हणालो.

मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या गायिकेने ते गाणं गायलं. काम मला मिळालं, आजही आहे. त्या दिवशी वसई स्टेशनवरून स्कूटरवर तिला घरी सोडताना तिने मागून विचारलं होतं, मी अशी गाते? तेव्हाही सांगता आलं असतं — तिथे तर सरही नव्हते. मी म्हणालो, रियाज कमी पडला. ती "हां" म्हणाली. घरी येऊन मी माझ्या मशीनवर ते गाणं उघडलं, प्लगिन काढून टाकलं आणि तिचा नुसता आवाज लावला. शेवटपर्यंत ऐकवला नाही मला.

तिने गायनमंडळ सोडलं. का, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी तिची आई गेली. मी मातीला गेलो. चर्चमधली मिस्सा, तिच्यासाठीची प्रार्थना, संपत आली तेव्हा मंडळातल्या बायका सेलिनपाशी आल्या. आईला आवडायचं ते गीत तूच गा, आज तरी गा. ती मान हलवत राहिली. फादरही येऊन म्हणाले. तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं.

"दादाला इचारा. सगली गोड बोलत होती, त्यानंच मना खरं सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिची आई तिथे शवपेटीत होती. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. इतकी वर्षं ते तयारच आहे.

मी म्हणालो, "तिला आग्रह नका करू."

दुसऱ्या कोणीतरी ते गीत गायलं. ठीक गायलं. सेलिन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझा हात धरला — तिला वाचवलं म्हणून. गीत संपेपर्यंत सोडला नाही. मीही तो तसाच धरू दिला.